लिनक्स टॅब्लेटला ब्लूटूथ कीबोर्ड टिकत नाही: दुरुस्त करू की दुसरा घेऊ?

खारे_शेंगदाणे
राम राम मंडळी. दहा इंची जुना टॅब्लेट आहे, इंटेल प्रोसेसरवाला. विंडोज त्याला झेपेना म्हणून डेबियन १२ हे लिनक्स टाकलं, वर नोम हा डेस्कटॉप. आता झकास पळतो. आईला माहेरच्या आठवणी लिहायच्यात, पण काचेवर बोटं आपटायला तिला नको वाटतं. म्हणून तीन उपकरणांना जोडता येणारा ब्लूटूथ कीबोर्ड आणला. तिच्या फोनला अर्ध्या मिनिटात जोडला गेला. टॅब्लेटपुढे मात्र तीन दिवस नाकदुऱ्या काढतोय. सेटिंगमध्ये नाव दिसतं, दाबलं की 'जोडले' असं येतं आणि दोन सेकंदांत सुटतं. कधी सहा आकडे चमकतात नि जातात. ब्लूटूथ हेडफोन त्याच टॅब्लेटवर व्यवस्थित चालतात.

माझं काय चुकतंय? आणि नवाच घ्यायचा तर कुठल्या प्रकारचा? हजार-दीड हजारापलीकडे जायचं नाही.

आळशी_उंट
हेडफोन चालतात म्हणजे फर्मवेअर (ब्लूटूथ चिपला लागणारा प्रोग्रॅम) आणि आरएफकिल (वायरलेस बंद करणारा स्विच) या दोन्ही भानगडी बाद. आधी आईच्या फोनचं ब्लूटूथ बंद करा आणि कीबोर्डवर दुसऱ्या क्रमांकाचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा. नुसतं टिचकीसारखं दाबलंत तर तो जुन्या ओळखीच्या यंत्राला शोधत बसतो.

माझा कीबोर्ड आठवडाभर 'बिघडला' होता. बाहेरच्या खोलीतून हाक आली, टीव्हीवर आपोआप काहीतरी उमटतंय म्हणून. तो माझा पासवर्ड होता.

टर्मिनलमावशी
उंटराव म्हणतात ते आधी कराच. पण ते सहा आकडे नुसते बघण्यासाठी नसतात हो! कीबोर्डला स्क्रीन नसते, म्हणून आकडे टॅब्लेट दाखवतो आणि ते त्या नव्या कीबोर्डवर टाइप करून एंटर मारायचा असतो. कीबोर्ड अजून जोडलेला नाही, मग त्यावर कसं टाइप करणार, असं वाटून निम्मे लोक इथेच थांबतात.

आता स्वच्छ सुरुवात करा. सेटिंगमधून कीबोर्ड काढून टाका, ती खिडकी बंद करा आणि टर्मिनलमध्ये ब्लूटूथसीटीएल चालवा. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितेय, तिथे अर्थातच रोमनमध्ये.) 'एजंट ऑन', मग 'डिफॉल्ट-एजंट', मग 'स्कॅन ऑन'. कीबोर्डचं नाव आणि शेजारी अक्षर-आकड्यांच्या सहा जोड्यांचा पत्ता दिसला की 'पेअर' आणि तो पत्ता. स्कॅन चालू असतानाच करा, कारण स्कॅन थांबल्यावर साधारण ३० सेकंदांत न जोडलेली उपकरणं यादीतून पुसली जातात आणि 'उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. आकडे आले की कीबोर्डवर टाइप, एंटर. मग 'ट्रस्ट' आणि शेवटी 'कनेक्ट'. ट्रस्ट विसरलात तर आज चालेल आणि उद्या टॅब्लेट चालू केल्यावर परत रडगाणं.

तरी सुटलाच तर जर्नलसीटीएलमध्ये ब्लूटूथ सेवेच्या नोंदी बघा आणि शेवटची ओळ इथे टाका. 'होत नाही' एवढ्यावरून मला काही कळत नाही.

डोंगल_जिंदाबाद
कशाला हा व्याप? २.४ गिगाहर्ट्झचा डोंगलवाला (यूएसबीत खोचायच्या छोट्या तुकड्यावर चालणारा) कीबोर्ड घ्या, टॅब्लेटच्या छोट्या पोर्टासाठी ओटीजी जोडणी घ्या, खोचा आणि लिहा. लिनक्सला तो साधा यूएसबी कीबोर्ड वाटतो, जोडणी-बिडणी काही नाही. डिस्क कूटबद्ध केली असेल तर ब्लूटूथ कीबोर्ड तिथे कामाचाही नाही: सुरू होतानाचा पासवर्ड विचारला जातो तेव्हा ब्लूटूथ सेवा उठलेलीच नसते. डोंगल तिथेही चालतो.

आळशी_उंट
@डोंगल, मुद्दा बरोबर, पण या टॅब्लेटांना बहुधा एकच पोर्ट असतं. त्यात डोंगल खोचलं की चार्जिंग कुठून करायचं? शिवाय यूएसबी ३ च्या हबात डोंगल लावलं तर त्या पोर्टाचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच सांडतो, अक्षरं गळतात. मग छोटी वाढीव वायर लावून डोंगल लांब ठेवायचं. आईंच्या मांडीवर किती लटांबर देणार?

खारे_शेंगदाणे
डिस्क कूटबद्ध नाही, पोर्ट एकच. मावशी, नोंदींमध्ये ही ओळ सापडली: 'रिजेक्टेड कनेक्शन फ्रॉम नॉट-बॉन्डेड डिव्हाइस'. शोधल्यावर एकानं लिहिलेलं दिसलं की ब्लूटूथच्या इनपुट.कॉन्फ फाइलमध्ये 'क्लासिकबॉन्डेडओन्ली' समोर 'फॉल्स' लिहा, लगेच चालेल. लिहू का?

टर्मिनलमावशी
नका लिहू. चालेल, तेच तर दुखणं आहे.

२०२३च्या डिसेंबरात एक त्रुटी जाहीर झाली, तिचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२३-४५८६६. जवळपासचा कुणीही स्वतःला कीबोर्ड म्हणवून, तुमची परवानगी न घेता जोडला जाऊन तुमच्या यंत्रात कळा दाबू शकत होता. अँड्रॉइड, आयओएस, मॅकओएस, लिनक्स, सगळीकडे. गंमत म्हणजे लिनक्सच्या ब्लूझेडमध्ये (ब्लूटूथ सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) २०२० सालीच यावर इलाज होता, फक्त तो मुळात बंद ठेवलेला होता. आता तो चालू असतो: ज्या कीबोर्डशी किल्ल्यांची पक्की देवाणघेवाण झालेली नाही, त्याला दारातूनच परत. तुमचा कीबोर्ड आकडे न टाकता आत शिरू बघतोय, म्हणून दोन सेकंदांत हाकलला जातोय. कुलूप नीट काम करतंय आणि तुम्ही कडी काढायला निघालात. 'रिमूव्ह' करून वर सांगितलेलं पहिल्यापासून करा, आकडे आणि एंटर यांसकट.

खारे_शेंगदाणे
झालं!! एंटर राहत होता. आकडे दोनदा टाकले होते मी, पण एंटर दाबायचा असतो हे डोक्यातच आलं नाही. टॅब्लेट बंद-चालू करूनही आपोआप जोडला गेला. नवा कीबोर्ड घेणं रद्द.

एक बारीक तक्रार उरली. आई चहा पिऊन परत लिहायला बसली की पुढच्या शब्दाची पहिली दोन-तीन अक्षरं गायब होतात.

आळशी_उंट
बॅटरी वाचवायला कीबोर्ड झोपतो, पहिल्या कळेनं जागा होतो, आणि परत जोडला जाईपर्यंतची अक्षरं वाया जातात. आधी शिफ्ट दाबा, क्षणभर थांबा, मग लिहा. सवय होते.

खारे_शेंगदाणे
सांगतो तिला. शेवटचं विचारतो, विषय थोडा बाजूचा आहे. इनस्क्रिप्ट (मराठी कळांची मांडणी) लावलंय. आईनं टायपिंगची परीक्षा जुन्या टाइपरायटरवर दिलेली, त्यामुळे पहिले दोन दिवस कीबोर्डवर राग. आता डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं हे बसलंय. पण 'कोपऱ्यात' लिहिताना 'कोपर्यात' होतं आणि ती ते खोडून 'कोपरा' असलेलं वाक्यच बदलते.

टर्मिनलमावशी
अहो, वाक्य बदलू देऊ नका त्यांना. शिफ्ट दाबून जे, म्हणजे नुक्त्याचा ऱ. मग डी, हा हलन्त. मग प्रश्नचिन्हाची कळ शिफ्टशिवाय, तो य. मग ई, काना. दुसऱ्या, तिसऱ्या, वाऱ्यावर, सगळं असंच.