प्रतिसाद: आधी नोंदी, मग गुणांकन

भरती विभागासाठी अंतर्गत प्रणाली करताना अर्जांना आपोआप गुण देणारा भाग सर्वांत आधी हाती घ्यावा, या सूचनेशी मी सहमत नाही. वाळूज, शेंद्रा किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यांसाठी आयटीआय झालेली मुले निवडणाऱ्यांचा दिवस अर्ज वाचण्यापेक्षा फोन लावण्यात, एकाच उमेदवाराच्या दोन-तीन नोंदी जुळवण्यात आणि मुलाखतीची वेळ पुन्हा पुन्हा ठरवण्यात अधिक जातो.

ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत कोणी ‘डी’ने सुरू करतो, कोणी ‘जी’ने; पत्त्यात कोणी औरंगाबाद लिहितो, तर कोणी २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, आणि उस्मानाबाद-धाराशिवचेही तेच. शोध घेताना ही रूपे एकच धरली गेली नाहीत, तर पात्र मुलगा यादीतून गळतो आणि गुणांकन कितीही हुशार असले तरी त्याचा उपयोग शून्य. मोबाइल क्रमांकावरही विसंबता येत नाही, कारण तो बदलतो किंवा घरातल्या दोघांचा एकच असतो. म्हणून जन्मतारीख आणि आयटीआय उत्तीर्ण झाल्याचे वर्ष जुळवून प्रणालीने एकाच उमेदवाराच्या नोंदींची संभाव्य जोडी दाखवावी, मात्र नोंदी एकत्र करण्याचा निर्णय माणसावरच सोपवावा.

फोननंतरचा शेरा एका टिचकीत नोंदवता आला पाहिजे: ‘उचलला नाही’, ‘पगार मान्य नाही’, ‘रात्रपाळी नको’. सात रकाने भरायला लावले, की मंडळी निमूटपणे एक्सेलकडे वळतात. आधारची छायाप्रत पहिल्याच टप्प्यावर मागण्याचे मात्र काहीच कारण नाही.