पेटी की मशीन? कारखान्याला शिक्का चालतो, मग खासदाराला का नको?

वाघ्या घेवडा (कोरेगाव)
आपल्याकडचा माणूस दोन्ही प्रकारांनी मत देतो. आमदार-खासदाराला बटण आणि साखर कारखान्याला, सोसायटीला शिक्का. त्यामुळे ‘बॅलेट पेपर परत आणा’ ही जी मागणी चालू आहे ती म्हणजे नक्की काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आधीच स्पष्ट करतो, मशीन हॅक होतं असं माझं म्हणणं नाही, माझ्याकडे तसा पुरावाही नाही. माझा मुद्दा हरलेल्या माणसाचा आहे. कारखान्याला हरलेल्या पॅनेलचा माणूस मोजणीच्या टेबलाला चिकटून बसतो. गठ्ठा डोळ्यासमोर सुटतो, शंका आली तर तो पत्रिका हातात धरून भांडतो. रात्री तीन वाजता शिव्या देत घरी जातो, पण आपण हरलो हे त्याला पटलेलं असतं. मशीनच्या मोजणीत त्याला एक आकडा दाखवतात. तो आकडा कुठून आला, हे तो विचारू शकत नाही.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये हेच म्हटलं. २००५ च्या निवडणुकीत वापरलेली यंत्रं घटनाबाह्य ठरवली ती गडबड सापडली म्हणून नव्हे. मतदान आणि मोजणी सामान्य नागरिकाला, तज्ज्ञाच्या मदतीविना, तपासता आली पाहिजे, एवढंच कारण. आपल्याकडे तर मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी छापून मशीनशेजारच्या डब्यात पडतेच. मग ती मोजायला काय जातं?

निवृत्त गुरुजी (वाई)
घेवडेराव, तुम्ही मोजणीच्या टेबलापासून सुरुवात केलीत. मी मतदान केंद्रापासून करतो, कारण कागदाचा खेळ तिथे व्हायचा.

शिक्षक म्हणून नव्वदच्या दशकात केंद्राध्यक्षाची ड्यूटी बऱ्याच वेळा लागली. एका गावात (नाव घेत नाही, माणसं अजून आहेत) दुपारी चारनंतर दहा-बारा जण आत आले. पोलीस एकच, तोही होमगार्डसारखा. पत्रिकांचं बुक ओढून घेतलं आणि ज्या वेगाने शिक्के पडले तो वेग मी आयुष्यात विसरणार नाही. अर्ध्या तासात पेटी भरली. वर ‘सर, चहा घ्या’ म्हणाले. मी अहवाल लिहिला, फेरमतदान झालं, पण प्रत्येक ठिकाणचा केंद्राध्यक्ष लिहीत असेलच असं नाही.

मशीन मिनिटाला चारच्या वर मतं घेत नाही. केंद्राध्यक्षाने ‘क्लोज’चं बटण दाबलं की पुढे एक मत पडत नाही. सकाळी उमेदवारांच्या एजंटांसमोर किमान ५० मतांचा मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, संध्याकाळी १७-सी फॉर्मवर एकूण मतांचा आकडा आणि त्याची प्रत एजंटाच्या हातात. तुमच्या हरलेल्या माणसाने ती प्रत सांभाळून ठेवली तर निम्मी शंका तिथेच मिटते. बहुतेक एजंट त्या कागदात वडापाव बांधतात.

कराडचा पाव्हणा
गुरुजी, १७-सीवर किती मतं पडली एवढंच कळतं. कुणाला पडली ते कुठं कळतंय? आन् वडापावचं म्हणाल तर तुम्ही एजंटाला जेवायला तरी सोडता का?

भडंग (मूळ सांगली, सध्या पुणे)
सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून दोन गोष्टी. पहिली कागदवाल्यांसाठी: बेल्जियममध्ये २००३ साली स्कारबेक इथे एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त मिळाली. शक्यच नव्हतं, म्हणून शोध घेतला. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. मेमरीतला एक बिट (शून्य किंवा एकचा कप्पा) आपोआप उलटला होता. कुणी चोर नाही, हॅकर नाही. आकडा अशक्य होता म्हणून चूक सापडली. शक्यतेच्या कोटीतला असता तर कुणाला कळलं असतं?

दुसरी मशीनवाल्यांसाठी: जर्मनी, नेदरलँड, आयर्लंड ही उदाहरणं सगळे देतात, पण तिथली यंत्रं नेडॅप कंपनीची होती, आपली भारत इलेक्ट्रॉनिक्स (बेल) आणि ईसीआयएल या सरकारी कंपन्यांची. आपलं यंत्र कशाला जोडलेलं नसतं. आयर्लंडने तर पाच कोटी युरोंहून जास्त खर्च करून यंत्रं घेतली, २००२ मध्ये तीन मतदारसंघांत वापरली आणि २०१२ मध्ये भंगारात काढली. ‘तिकडे बंद केलं’ एवढ्यावर ‘इकडे बंद करा’ होत नाही. ब्राझीलमध्ये २००० पासून सगळं मतदान यंत्रावर आहे.

कंदी पेढा (सातारा)
२०२४ ची लोकसभा विसरलात का सगळे? साताऱ्यात उदयनराजे ३२,७७१ मतांनी आले आणि ‘पिपाणी’ घेतलेल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. शरद पवारांच्या पक्षाचा तुतारीवाला माणूस आणि नुसती पिपाणी यात गोंधळ झाला, असं तेव्हा कट्ट्याकट्ट्यावर चाललं होतं. खरं-खोटं बाजूला ठेवा. कागदावर ही पिपाणी गेली असती का? चित्र तेच, म्हातारी तीच, चष्मा तोच.

आणि शेजारी सांगलीत विशाल पाटील अपक्ष म्हणून लाखभर मतांनी निवडून आले. मशीन सेट असेल तर सेट करणाऱ्याला सांगलीचा रस्ता सापडला नाही म्हणायचा!

कागदाचं पावित्र्य ऐकायचं असेल तर मलावी देश बघा. २०१९ ची अध्यक्षीय निवडणूक, सगळी कागदावर. निकालपत्रांवर चक्क व्हाइटनर लावून आकडे बदललेले निघाले. २०२० मध्ये कोर्टाने निवडणूक रद्द केली.

वाघ्या घेवडा
ताई, मलावीचं उदाहरण तुम्ही माझ्याच पदरात टाकलंत. व्हाइटनर दिसलं म्हणून तर कोर्टाला निवडणूक रद्द करता आली! भडंग यांचा उलटलेला बिट डोळ्यांना दिसत नाही.

सांगलीचा मुद्दा मात्र मला पटत नाही. एका घराला चोरी झाली नाही म्हणून गावातल्या कुलपांची तपासणी करायचीच नाही का?

हळदबाजार (सांगली)
सगळे चोरीवर भांडताय. माझी तक्रार उलटी आहे: मशीन फार खरं बोलतं. बूथवार बोलतं.

आमच्या वस्तीचा बूथ छोटा. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याच्या हातात कागद असतो, कुठल्या बूथवर किती पडली. आमच्याकडून कमी पडली तर पाच वर्षं रस्त्याला खडी येत नाही आणि ‘तुमच्या वस्तीने काय केलं ते माहीत आहे’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकून घ्यावं लागतं. पेटीच्या काळात पत्रिकांची सरमिसळ करून मग गठ्ठे बांधता यायचे. कारखान्याच्या मोजणीत मी स्वतः बघितलंय. गुप्त मतदान म्हणजे एकट्या माणसाचं गुप्त नव्हे, वस्तीचंही झाकलेलं पाहिजे. आयोगाने २००८ मध्येच टोटलायझरचा प्रस्ताव पाठवला होता, म्हणजे अनेक मशीनची बेरीज एकदम दाखवायची. तो आजही बासनात आहे. यावर एकही पक्ष मोर्चा काढत नाही, कारण बूथवार यादी सगळ्यांनाच हवी असते.

निवृत्त गुरुजी
हळदबाजार, हे मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण घेवडेराव, चिठ्ठ्या मोजल्या जातात. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातले पाच बूथ, म्हणजे सातारा लोकसभेला सहा क्षेत्रांचे तीस. चिठ्ठी आणि मशीन जुळलं नाही तर चिठ्ठीचा आकडा धरायचा, असा नियमच आहे. सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी सुप्रीम कोर्टाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली.

वाघ्या घेवडा
गुरुजी, गणित करू. एका विधानसभेत ३०० बूथ धरा. तीन ठिकाणी गडबड असेल आणि सोडतीने पाच बूथ काढले, तर सापडण्याची शक्यता शंभरात पाच. तीस ठिकाणी असेल तरी शंभरात एक्केचाळीस. चार-पाचशे मतांनी आमदार पडतात आपल्याकडे.

भडंग
गणित बरोबर, पण अर्धं. घोटाळा देशभर असता तर २०१९ मध्ये तपासलेल्या वीस हजारांहून जास्त बूथमध्ये तो सापडल्याशिवाय राहिला नसता. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अहवालात तर देशभरातून ४७९ यंत्रंच पुरेशी म्हटली होती.

मधला रस्ता आहे. अमेरिकेत काही राज्यांत जिंकलेल्या-हरलेल्यातला फरक किती कमी त्यावर किती कागद तपासायचे ते ठरतं. लाखाचा फरक असेल तर थोडे, पाचशेचा असेल तर जवळपास सगळे. सुप्रीम कोर्टानेही त्याच निकालात, चिठ्ठ्या यंत्राने मोजता येतील का आणि त्यावर बारकोड छापता येईल का ते बघा, असं सुचवलंय.

कंदी पेढा
चिठ्ठ्या मोजायला पुन्हा मशीन! घेवडेराव, आता त्या मशीनवर धागा काढा.

कराडचा पाव्हणा
तुमचं खासदारकीचं चालू द्या. झेडपीला, ग्रामपंचायतीला मशीन असतं पण चिठ्ठीचा डबाच नसतो, त्याचं कोण बोलणार? एका मतानं सरपंच पडतो हितं. आन् कारखान्याचं लई कौतुक नको. माझ्या आज्ज्यानं गटाच्या पत्रिकेवर तीनाच्या जागी चार शिक्के मारले, महिलांच्या जागांची पत्रिका कोरीच टाकली. सगळी बाद. घरी येऊन म्हणतोय, सगळ्यांना खूश केलं.

निवृत्त गुरुजी
पाव्हणे, आजोबांना मशीनवर चारदा बटण दाबता आलं नसतं, एवढंच म्हणतो.

कराडचा पाव्हणा
गुरुजी, त्यांनी दाबलं असतं. मग वाजलं न्हाय म्हणून तुम्हालाच आत बोलावलं असतं.