मदत हवी आहे: १/९७ चा भागाकार संपतही नाही, अंक परतही येत नाहीत

शिल्पा_कळवा: सोमवारी तक्ता द्यायचाय, प्लीज लवकर सांगा. १/९७ चा भागाकार हाताने चाललाय. चाळिसेक अंक झाले तरी आवर्तन नाही. कुठे चुकतंय? कॅल्क्युलेटर ०.०१०३०९२७ वर थांबतो.

नौपाडा_नाना: तक्ता कोणाचा? कितवी? आणि ९७ च का?

खारघर_कोडर: एक्सेलमध्ये भागा, दशांश स्थळं वाढवा. दोन मिनिटांचं काम.

मंजिरी_ऐरोली: एक्सेल पंधरा सार्थ अंकांपुढे नुसती शून्यं दाखवतं. मुलं तीच खरी समजून उतरवतात. कृपया हा उपाय सुचवू नका.
शिल्पाताई, चूक नसेलही. ९७ ने भागताना बाकी १ ते ९६ मधलीच उरणार. एखादी बाकी पुन्हा आली की अंक फिरून तेच. इथे सगळ्या ९६ बाक्या येऊन जातात, म्हणून आवर्तन ९६ अंकांचं. पण ४८ अंकांनंतर बाकी ९६ येते, तिथे भागाकार थांबवा. पुढचे अंक म्हणजे आधीचा एकेक अंक ९ मधून वजा: ०१०३०९ चे ९८९६९०.

घोडबंदर_सतीश: मूळ संख्येने भागलं की उत्तर अपरिमेय. आवर्तन येणारच नाही.

मंजिरी_ऐरोली: नाही हो. १/७ करून बघा, १४२८५७ सारखे परत येतात.

घोडबंदर_सतीश: मग १/३ मध्ये एकच अंक का? ३ पण मूळच.

मंजिरी_ऐरोली: १० ला ३ ने भागलं की लगेच बाकी १, म्हणून. एवढं पूर्ण लांबीचं आवर्तन शंभराच्या आत फक्त ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७ ला मिळतं.

नौपाडा_नाना: तक्त्यावर गणितज्ञ कापरेकर हवेतच! डहाणूचा जन्म, शाळा ठाण्यात, नोकरी देवळालीला. त्यांच्या स्वयंभू संख्यांत ९७ येते. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, ९७ कधीच येणार नाही. दशकाचा अंक अ, एककाचा ब धरला तर ११अ + २ब = ९७ हवं. म्हणजे अ विषम. अ ९ घेतला तर ९९ होतात, ७ घेतला तर ब १० येतो, त्याखाली ब आणखी मोठा. एकअंकी संख्या तर १८ च्या पुढे जात नाही.

डोंबिवली_पूर्व: कापरेकरांच्या डेम्लो संख्यांचं (१, १२१, १२३२१ अशा) नाव आमच्या स्टेशनवरून! डोंबिवलीचं जुनं नाव डेम्लो. ब्रिटिशकालीन जीआयपी रेल्वेच्या काळातलं. स्टेशनवर पाटी लावायला हवी.

खारघर_कोडर: पाटीचं नंतर. पायथॉनच्या चार ओळींत सगळे ९६ अंक मिळतील.

नौपाडा_नाना: मुलांनी हाताने केलं तरच बाकी कशी फिरते ते दिसतं.

शिल्पा_कळवा: मुलगी आठवीत आहे. बाईंनी प्रत्येकीला एक मूळ संख्या दिलीये, गणित दिनासाठी, कारणासकट हवं म्हणाल्या. ४८ ला खरंच बाकी ९६ आली!! आता तिने विचारलंय, ०१, ०३, ०९, २७ असं तिप्पट चाललंय, मग ८१ ऐवजी ८३ का?

घोडबंदर_सतीश: तक्त्याचा कागद राम मारुती रोडला मिळेल.

मंजिरी_ऐरोली: किती छान पकडलंय तिने! १०० ला ९७ ने भागलं की बाकी ३, म्हणून दर दोन अंकांना तिप्पट. ८१ नंतर २४३ येतात, त्यातले २ हातचे मागे जातात, म्हणून ८३. मग ४३ उरले, पुढच्या ७२९ मधले ७ मिळवले की ५०. तिला पुढची जोडी स्वतः काढू दे, ५१ यायला हवी.