मदत हवी आहे: अंडाशयातून नक्की काय बाहेर पडतं? (बारावी बायोलॉजी, पोरीचा डाऊट)

छाटणीवाला:
मंडळी नमस्कार, विषय जरा अवघड आहे पण कृपया चावटपणा नको, पोरगी बारावीला आहे, मेडिकलची नीट परीक्षा देणार आहे म्हणून विचारतोय. आम्ही तासगावजवळचे, पोरगी रोज एसटीनं सांगलीला क्लासला जाते. तिथं रिप्रोडक्शनचा धडा आला तेव्हा सर म्हणाले हा सोपा आहे, घरी वाचा, आणि पंधरा दिवसांनी टेस्टला त्याच्यावरच अकरा प्रश्न. (आमच्या वेळी दहावीला पण असंच, बाई पानं उलटून थेट पुढच्या धड्यावर गेलेल्या.) मी स्वतः बीएस्सी झूलॉजी आहे हो, पण नंतर द्राक्षबागेत शिरलो ते शिरलोच, आता डोक्यात डाऊनी आणि भुरी हे रोग सोडून काही राहिलेलं नाही. बायको म्हणते तुम्ही झूलॉजीवाले, तुम्हीच सांगा. मग आम्ही बापलेक दोघं पुस्तकाकडं बघत बोलतो, एकमेकांकडं नाही. आता सवय होत आलीय.

तर अडलंय असं. प्रश्न होता ओव्ह्युलेशनच्या (दर महिन्याला अंडं सुटतं त्या) वेळी अंडाशयातून काय बाहेर पडतं. तिनं सेकंडरी ऊसाईट (दुसरं विभाजन बाकी असलेली अंडपेशी) लिहिलं, आन्सर कीमध्ये ओव्हम (विभाजन पुरं झालेली अंडपेशी), मार्क गेले ते गेले वर मायनस एक. विचारायला गेली तर 'दोन्ही एकच गं' असं उत्तर. एकच असेल तर मार्क द्या की मग!

दुसरं, अंडपेशी किंवा शुक्रपेशी बनताना पहिल्या विभाजनातच गुणसूत्रं ४६ ची २३ झाली तर दुसरं विभाजन कशाला? परत अर्धे केले तर साडेअकरा व्हायला पाहिजेत. हे मला पण सांगता आलं नाही, 'असतंय तसं' म्हणून वेळ मारून नेली. तिसरं, पुरुषात एका पेशीच्या चार शुक्रपेशी होतात आणि बाईत एकच अंडपेशी, बाकीचा माल जातो कुठं?

फुकटचा सल्ला:
गुगल करा की राव.

छाटणीवाला:
केलं. पहिलं आलं वंध्यत्वाच्या दवाखान्याची जाहिरात, आता दिवसभर तेच दिसतंय मोबाईलवर.

मिरजेची मावशी:
दादा, ज्युनियर कॉलेजला बायो शिकवते. तुमची लेक बरोबर आहे, आन्सर की चुकलीय. बाहेर पडते ती सेकंडरी ऊसाईटच. पहिलं विभाजन ओव्ह्युलेशनच्या थोडंच आधी पुरं होतं, मग दुसरं सुरू होतं आणि मेटाफेज या मधल्या टप्प्याला येऊन अडकतं. ते पुरं होतं शुक्रपेशी आत शिरल्यावर, तेही अंडनलिकेत. शिरलीच नाही तर ते विभाजन कधीच पुरं होत नाही, साधारण दिवसभरात पेशी संपते. म्हणजे खरा ओव्हम म्हणावा असा एकटा कधी भेटतच नाही. बोलताना सगळे अंडं सुटलं म्हणतात, मीही म्हणते, पण पेपरात पर्याय समोर असताना एकच म्हणून चालत नाही. एनसीईआरटीच्या (नीटला तेच पुस्तक धरतात) पुस्तकातलं ते पान घेऊन तिला परत पाठवा, भांडायला नको, नुसतं पान दाखवायचं.

तिसऱ्याचं उत्तर, बाईत वाटणी समान होत नाही. गुणसूत्रं निम्मी निम्मी जातात पण पेशीतला रस जवळजवळ सगळा एकीकडंच ठेवला जातो, दुसरीकडं जाते ती चिमुकली पोलर बॉडी. गर्भाला सुरुवातीचे दिवस त्याच साठ्यावर काढायचे असतात, चार ठिकाणी वाटून कुणाचंच भागणार नाही.

सेतूवाला कराड:
साडेअकरावर लई हसलो पण प्रश्न भारी आहे. मी दिवसभर सातबाऱ्यात असतो म्हणून त्याच भाषेत सांगतो. समजा २३ गट आहेत, प्रत्येक गटाचा एक कागद आईकडून आलेला, एक बापाकडून, असे ४६ कागद, कागद म्हणजे गुणसूत्र. विभाजनाच्या आधी प्रत्येकाची झेरॉक्स काढायची आणि मूळ कागदाला पिन मारायची. पानं झाली ९२ पण नग ४६ च, कारण पिन मारलेला जोड एकच नग मोजायचा. पिन म्हणजे सेंट्रोमिअर. पहिल्या वाटणीत आईकडचा जोड एकीकडं आणि बापाकडचा दुसरीकडं, कुठल्या गटाचा कुठं जाईल त्याला नेम नाही. नग झाले २३, पण पिना अजून तशाच आहेत. दुसऱ्या वाटणीत फक्त पिना काढायच्या आणि एकेक पान वेगळं करायचं. नग २३ चे २३ च राहतात, पानं मात्र ४६ ची २३. आणि हो, पहिल्या वाटणीआधी आईच्या आणि बापाच्या कागदातले तुकडे आपसात बदलतात, क्रॉसिंग ओव्हर म्हणतात त्याला. आमच्याकडं असं केलं तर सस्पेंडच.

पलूसचा सोनाका:
पाव्हणं, तुम्ही बागायतदार असून तुम्हाला हे सुचलं नाही व्हय? एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात घड तयार होतो, पण दिसतो का? ऑक्टोबरची छाटणी झाल्यावरच बाहेर येतो. बाईच्या अंडपेशीचं तसंच आहे. पोरगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयात पहिलं विभाजन सुरू होतं आणि मधेच थांबतं, ते थेट वयात आल्यावर दर महिन्याला एखादीचं पुढं सरकतं. काहींची वाट बघणं चाळीस वर्षांचं. आणि विरळणी पण जोरात, पोटात पाचव्या महिन्याच्या सुमाराला ६० ते ७० लाख असतात, जन्माला येईपर्यंत १० ते २० लाख, आयुष्यात बाहेर पडतात चारशेच्या आसपास. पुरुषाचं म्हणजे लसूणघास, वयात आल्यापासून कापणी चालूच, एक शुक्रपेशी तयार व्हायला साधारण ७४ दिवस. फक्त गारवा लागतो, अंगापेक्षा दोन-अडीच अंश कमी, म्हणून तर वृषणं शरीराबाहेर.

मिरजेची मावशी:
सोनाका, घड आवडला, उद्या वर्गात वापरणार. पण वयात येताना उरलेल्या अंडपेशींचा आकडा विचारला तर एनसीईआरटीचाच लिहायला सांगा, प्रत्येक अंडाशयात ६० ते ८० हजार. दुसऱ्या पुस्तकांत दोन्ही मिळून तीन-चार लाख सापडतील, त्यावरून वर्गात दरवर्षी भांडण होतं.

छाटणीवाला:
सगळ्यांचे आभार. मी काही बोललो नाही, मोबाईल धागा उघडून तिच्यासमोर ठेवला आणि बागेत जाऊन आलो. येईपर्यंत वहीत सातबारा काढून झाला होता, पिनांसकट. घडाचं मात्र म्हणाली, पप्पा हे तुम्हीच सांगायला पाहिजे होतं. क्लासला पान दाखवलं, सर बघतो म्हणालेत.

आता नवीन काढलंय, पहिल्या पोलर बॉडीचं पुढं परत विभाजन होतं का? एका आकृतीत तीन पोलर बॉडी आहेत आणि दुसऱ्या पुस्तकात दोनच. मावशी, जाग्या आहात का?