मदत हवी आहे: मेरीलँड स्टॅट्यूटरी ट्रस्टसाठी प्रिन्सिपल ऑफिस आणि रेसिडेंट एजंट

फंड_दप्तर, पुणे:
नमस्कार. एका अमेरिकन म्युच्युअल फंडासाठी मेरीलँडमध्ये नवा स्टॅट्यूटरी ट्रस्ट (राज्याच्या खास कायद्याखाली नोंदलेला ट्रस्ट) नोंदवायचा आहे. फंडाची गुंतवणूक सांभाळणाऱ्या अ‍ॅडव्हायझरचं ऑफिस व्हर्जिनियात, मॅक्लीनला आहे. चार ट्रस्टींपैकी कोणीही मेरीलँडमध्ये राहत नाही. हाताशी असलेला कागदपत्रांचा नमुना डेलावेअरच्या ट्रस्टचा आहे. तीन शंका आहेत: मॅक्लीनचा पत्ता प्रिन्सिपल ऑफिस (राज्याच्या दप्तरातला ट्रस्टचा पत्ता) म्हणून चालेल का? एक तरी ट्रस्टी मेरीलँडचा रहिवासी लागतो का? आणि ट्रस्टला स्वतःचाच रेसिडेंट एजंट (ट्रस्टच्या वतीने नोटिसा स्वीकारणारा राज्यातला प्रतिनिधी) होता येतं का?

दप्तरदार:
आधी डेलावेअरचा नमुना बाजूला ठेवा, गोंधळ तिथूनच सुरू होतो. डेलावेअरचा भर ट्रस्टीवर आहे. किमान एक ट्रस्टी तिथला रहिवासी हवा, किंवा ट्रस्टी संस्था असेल तर तिचं कामकाजाचं मुख्य ठिकाण डेलावेअरमध्ये हवं. १९४० च्या कायद्याखाली (अमेरिकेचा इन्व्हेस्टमेंट कंपनी कायदा) नोंदणी असलेल्या किंवा होऊ घातलेल्या फंडांना त्यातून सूट आहे. त्याऐवजी त्यांना डेलावेअरमध्ये रजिस्टर्ड ऑफिस आणि रजिस्टर्ड एजंट ठेवावा लागतो. बहुतेक तुमचा नमुना या दुसऱ्या प्रकारचा असेल.

मेरीलँडचा भर पत्त्यावर आणि एजंटवर आहे. ट्रस्टला कायम दोन गोष्टी लागतात: राज्यात प्रिन्सिपल ऑफिस आणि किमान एक रेसिडेंट एजंट. एजंट म्हणजे मेरीलँडमध्ये राहणारी प्रौढ व्यक्ती किंवा मेरीलँडची कॉर्पोरेशन. ट्रस्टी रहिवासी असण्याची अट नाही, त्यामुळे तुमचे चौघे चालतील. मॅक्लीनचा पत्ता मात्र चालणार नाही. ट्रस्टला स्वतःचा एजंट होता येत नाही. पत्ता रस्ता, शहर, पिनसह पूर्ण द्या, पोस्टाची पेटी देऊ नका.

फंड_दप्तर, पुणे:
पण एसईसीच्या (अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकाच्या) फॉर्मवर मॅक्लीनचा पत्ता द्यायचा आहे. दोन पत्ते वेगळे दिसले तर हरकत घेतली जाईल का?

पोटोमॅक_पलीकडे:
नाही. एसईसी विचारते ते 'प्रिन्सिपल एक्झिक्युटिव्ह ऑफिस', म्हणजे कारभार जिथून चालतो ती जागा, आणि ती कुठल्याही राज्यात असू शकते. मेरीलँडचं 'प्रिन्सिपल ऑफिस' हा राज्याच्या दप्तरातला पत्ता. राज्यात स्वतःची जागा नसेल तर प्रिन्सिपल ऑफिस व्यावसायिक एजंटच्या मार्फत, त्याच्याच पत्त्यावर दाखवायची रीत आहे. यात आडपडदा काही नाही. मेरीलँडच्या कितीतरी कंपन्या आणि फंड हेच करतात.

फक्त एक खबरदारी घ्या. पुढे एजंट बदललात तर दोन्ही नोंदी बदला. लोक एजंटचं नाव बदलतात आणि प्रिन्सिपल ऑफिसचा पत्ता जुन्या एजंटकडेच राहतो. मग राज्याची पत्रं तिकडे जातात, तो ती पुढे पाठवायला बांधील नसतो, आणि नोटीस आल्याचं तुम्हाला कळतही नाही. एजंटची वार्षिक फी थकली आणि त्याने राजीनामा दिला तरी हाच घोळ होतो. म्हणून त्याचं बिल तुमच्या टीमच्या कॅलेंडरमध्ये ठेवा. ते अ‍ॅडव्हायझरच्या भरवशावर सोडू नका, असं माझं ठाम मत आहे.

दप्तरदार:
आता क्रम. पहिल्यांदा एजंटची लेखी संमती घ्या, नाहीतर अर्ज परत येतो. मग सर्टिफिकेट ऑफ ट्रस्ट: ट्रस्टचं नाव, प्रिन्सिपल ऑफिस, एजंटचं नाव आणि पत्ता. हे बाल्टिमोरच्या स्टेट डिपार्टमेंट ऑफ असेसमेंट्स अँड टॅक्सेशनकडे, म्हणजे 'एसडॅट'कडे दाखल होतं. ट्रस्टचा करारनामा तिथे द्यावा लागत नाही, पण त्यात एजंटचं नाव किंवा पत्ता छापला असेल तर तो सर्टिफिकेटशी जुळवून घ्या. शक्यतो करारात पत्ता घालूच नका, 'वेळोवेळी दाखल केलेला' एवढं पुरे. नाहीतर दर बदलाला करारनामा दुरुस्त करत बसावं लागतं.

फंड_दप्तर, पुणे:
आभार. दरवर्षी काही भरावं लागतं का?

पोटोमॅक_पलीकडे:
हो, फॉर्म १ हा वार्षिक अहवाल एसडॅटकडे, १५ एप्रिलपर्यंत, फी ३०० डॉलर. मुदत वाढवून हवी असेल तर अर्जही १५ एप्रिलच्या आतच करावा लागतो, मग ६० दिवस मिळतात. हा अहवाल चुकला की ट्रस्टचं 'गुड स्टँडिंग' (राज्याच्या सगळ्या पूर्तता केल्याची स्थिती) जातं, आणि ते नेमकं तेव्हा लक्षात येतं जेव्हा बँक किंवा फंडाचे वकील त्याचा दाखला मागतात. एसडॅटच्या संकेतस्थळावर नावाने शोधलंत तर स्थिती, एजंट आणि प्रिन्सिपल ऑफिस तिन्ही दिसतात. मार्चमध्ये एकदा तपासून घ्या.