माळरानावर नियंत्रित जाळणी: ३ मीटरचा पट्टा पुरेल का?

माळटेकडी

सुमारे १२ हेक्टरचं माळरान आहे, पूर्व-पश्चिम साधारण ४०० मीटर, दक्षिणोत्तर ३००. तीन वर्षांत ना चराई झाली ना जाळणी. गवत मीटरभर उंच, बुडाशी वाळक्या पाल्याचा जाड थर, आणि कडेनं झुडपं आत शिरू लागली आहेत. पश्चिमेला कच्चा रस्ता, पूर्वेला झाडोरा. वारा बहुतेक पश्चिमेचाच असतो.

बेत असा: पूर्वेच्या कडेला ३ मीटर रुंद पट्टा कापायचा आणि रस्त्याच्या बाजूनं पेटवून द्यायचं, म्हणजे आग वाऱ्याबरोबर पट्ट्यापर्यंत जाऊन विझेल. माणसं ६, पाठीवरचे पंप २, ट्रॉलीवर ५०० लिटरची टाकी. परवानगीचा अर्ज दिला आहे. पट्टा पुरेल का? हवामान कसं हवं? ड्रिप टॉर्चमध्ये (पेटतं तेल थेंबाथेंबानं गवतावर टाकायचा डबा) काय भरायचं?

जाळरेषा

पट्ट्याआधी क्रम बदला. तुम्ही शेवटी करायचं काम आधी करताय. वाऱ्याबरोबर ४०० मीटर धावत आलेल्या जाळाला ३ मीटरचा पट्टा म्हणजे काहीच नाही. ज्वाळा त्यावर आडव्या होतात आणि ठिणग्या थेट झाडोऱ्यात पडतात.

ढोबळ हिशेब असा की मोकळा पट्टा गवताच्या उंचीच्या दहापट हवा. तुमचं गवत मीटरभर, म्हणजे पट्टा १० मीटर हवा. शिवाय नुसतं कापून भागत नाही. कापलेलं गवत तिथंच पडू दिलं तर तो पट्टा नसून वातच झाली. दाताळ्यानं सगळं ओढून बाहेर काढा, तेही जाळायच्या बाजूला नव्हे. तिथं ढीग झाला की नेमकी रेषेलगत आग जास्त वेळ आणि जास्त तापून जळते.

मग पूर्वेची कडा *वाऱ्याच्या उलट* जाळत आणायची. आग्नेय कोपऱ्यातून सुरुवात करा. पट्ट्याची आतली कड पंपानं ओली करत एक जण पुढे, त्याच्यामागे टॉर्चवाला, त्यामागे झोडपणं घेतलेला आणि दुसरा पंपवाला. हा जाळ गुडघ्याएवढा राहतो आणि रांगत पुढे सरकतो. इथंच लोकांचा धीर सुटतो. ४-५ मीटर काळं झालं की त्याच्या पश्चिमेला ३ मीटरवर दुसरी ओळ पेटवा. ती वाऱ्याबरोबर धावते, पण ३ मीटरच, आणि काळ्यावर जाऊन मरते. अशा ओळी घेत घेत पूर्वेला ३० मीटर काळं करा.

त्यानंतर दक्षिण आणि उत्तर कडा, पूर्वेकडून पश्चिमेकडे. तिथंही १०-१५ मीटर काळं हवं, कारण वारा थोडा फिरला तर तीच बाजू आगीचं तोंड बनते. सगळ्यात शेवटी रस्त्याकडून पेटवायचं, आणि त्याआधी नावं घेऊन सहाही माणसांची हजेरी. न जळलेल्या गवतात त्या क्षणी कुणीही नको. पळायची जागा म्हणजे काळं झालेली जमीन, म्हणून कडेनं काम करताना काळं कायम एका पावलावर ठेवा.

कोरडीहवा

क्रम बरोबर आहे. हवामानाचं सांगतो.

सापेक्ष आर्द्रता ३५ ते ५५ टक्के, वारा ताशी ८ ते २० किमी, तोही डोळ्यांच्या उंचीवर मोजलेला. अंदाजात सांगतात तो वारा १० मीटर उंचीवरचा असतो. वारा अगदी पडलेला असला की बरं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण ताशी ५ किमीच्या खाली त्याला दिशाच नसते आणि दिशेवर तर तुमचा सगळा बेत उभा आहे.

गवत बारीक इंधन आहे. हवा कोरडी झाली की तासाभरात तेही कोरडं होतं. तापमान ११ अंशांनी चढलं की आर्द्रता जवळपास निम्मी होते: सकाळी ६० टक्के असलेली दुपारी ३० वर येते. म्हणून दर अर्ध्या तासाला मोजा आणि *थांबायचा आकडा आधीच कागदावर लिहा*. ऐन वेळी कुणाला थांबावंसं वाटत नाही. पुढच्या १२ तासांत वारा दिशा बदलणार असेल तर तो दिवस सोडा. उतार असेल तर चढाकडे आगीचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट धरा.

सुरुवातीला कोपऱ्यात चार-पाच मीटरचा तुकडा पेटवून बघा. धूर वर जाऊन पांगतोय की जमिनीलगत रस्त्यावर पसरतोय, ते तिथंच कळतं. पसरत असेल तर विझवून घरी जा.

जाळरेषा

३५ टक्क्यांच्या जरा खालीही चालतं, ३० पर्यंत.

कोरडीहवा

सरावलेल्या लोकांना चालत असेल. पहिल्यांदा जाळणाऱ्या सहा जणांनी ४० च्या खाली जाऊ नये.

माळटेकडी

आभार. तीन गोष्टी राहिल्या. पूर्व कडेपासून ६ मीटरवर, आतल्या बाजूला, दोन वाळलेली पोकळ झाडं आहेत. मधून विजेची तार जाते, खांब लाकडी. आणि टॉर्च भरून पाहिली तर दोन मिनिटं थेंब पडतात, मग बंद.

राखेवरपाय

टॉर्चचं आधी: हवेचा स्क्रू बंद असणार. टाकीत हवा शिरली नाही की तेल उतरत नाही. तो सैल करूनही अडखळली तर वातीत काजळी साचली आहे का पाहा. मिश्रण ३ भाग डिझेल, १ भाग पेट्रोल. गरम दिवशी ४ ला १. पेट्रोल वाढवू नका, थेंब जमिनीवर पडेपर्यंतच भडकून संपतो आणि गवत पेटतच नाही. नळीतलं वेटोळं ज्वाळा टाकीत परतू नये म्हणून असतं, ते चेपलेलं नको. भरताना वात विझलेली आणि गार.

पोकळ झाड पेटलं की चिमणी होते आणि शेंड्यातून निखारे उडवते. दोन्ही झाडं आधी पाडून दूर न्या, किंवा बुंध्याभोवती ३ मीटर पूर्ण खरवडून ओलं करा. ६ मीटरवर मी पाडलेलीच बरी म्हणेन. खांबांच्या बुडालाही तसंच खरवडा. दाट धुरातून वीज जमिनीकडे झेपावू शकते, तेव्हा तारेखाली धूर असताना माणूस नको, ट्रॉली नको, आणि तारेच्या दिशेनं पाण्याचा फवारा तर मुळीच नको.

विझवण्याचा वेळ तुमच्या बेतात दिसत नाही. रेषेपासून १० मीटर आतपर्यंत शेणाचे वाळके पो, कुजकी लाकडं, मुंग्यांची वारुळं एकेक तपासायची. पो वरून राखाडी, गार दिसतो. उलटा केला की आत लाल. हाताचा तळवा नव्हे, मागची बाजू जवळ न्या, ऊब तिला लवकर कळते. पाणी ओतून हलवायचं, पुन्हा ओतायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाही, दुपारी फेरी मारा, कारण वारा तेव्हा उठतो.

एक सुचवतो: १२ हेक्टर एकदम जाळू नका. तीन भाग करून दर वर्षी एक घ्या, म्हणजे किडे, सरडे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी यांना आसरा उरतो. झुडपांसाठीही हे अंतर महत्त्वाचं आहे. अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या कोन्झा प्रेअरी या माळरानावर वेगवेगळी पाणलोट क्षेत्रं १, २, ४ आणि २० वर्षांच्या अंतरानं जाळतात. दर ४ वर्षांनी जाळलेल्या भागातही बुडातून फुटणारी झुडपं वाढतच गेली. तुमची झुडपं बुडातून फुटणारी आहेत का? एखादं कापून महिनाभरानं बघा.

माळटेकडी

फुटतात, गेल्या वर्षी रस्त्याकडची कापली होती. मग पूर्वेचे ४ हेक्टर आधी. पण दोन भागांमधली रेषा गवतातूनच जाणार, तिथं रस्ता नाही.

जाळरेषा

तिथं १० मीटर कापा, गवत ओढून काढा आणि महिनाभर आधी, पाला ओलसर असताना, मधोमध ४ मीटर जाळून ठेवा. पूर्वेचा भाग घेताना तीच तुमची पश्चिम कड, शेवटी पेटवायची. टाकी मात्र तिथं नाही, पूर्वेच्या झाडोऱ्याकडे उभी करा.