वैक बै ड्यूरस्टेडे : एका दिवसात काय पाहता येईल?

प्रश्न (भटक्या_३२)
उट्रेख्तला मुक्काम आहे, एक दिवस मोकळा आहे. लेक नदीवरच्या (ऱ्हाईनची एक शाखा) वैक बै ड्यूरस्टेडेला जायचा विचार आहे. तीन शंका आहेत. डोरेस्टाड या जुन्या बंदराचे अवशेष नेमके कुठे दिसतात? डच चित्रकार राइसडालच्या प्रसिद्ध चित्रातली पवनचक्की अजून उभी आहे का? आणि गावाला रेल्वे नाही, तर बस बरी की सायकल?

उत्तर १ (गाळाचेथर)
डोरेस्टाड 'बघायला' जाऊ नका, निराश व्हाल. जमिनीवर काहीच उरलेलं नाही. बंदर लाकडी होतं आणि ऱ्हाईनचं पात्र हळूहळू पूर्वेकडे सरकत होतं. पाणी लांब गेलं की व्यापारी लाकडी धक्के आणखी पुढे वाढवायचे. १९६७ ते १९७७ दरम्यानच्या उत्खननात या धक्क्यांच्या खुंटांच्या रांगाच रांगा सापडल्या. आज त्यावर घरं आणि रस्ते आहेत.

व्हायकिंगांनी ८३४ पासून लागोपाठ चार वर्षं हे बंदर लुटलं. पण गाव केवळ लुटीने संपलं असं म्हणणं अर्धवट आहे. लुटीनंतर बंदर पुन्हा उभं राहू शकतं, नदी गाळाने भरल्यावर नाही. पुढे ११२२ मध्ये तर ऱ्हाईनच्या या जुन्या शाखेला इथेच बांध घालून तिचं तोंड बंद केलं. तीच आजची क्रोमे रैन, म्हणजे 'वाकडी ऱ्हाईन'. मोठी जहाजं जायची ती नदी आज डोंग्या वल्हवण्याइतकी उरली आहे.

उत्खननात सापडलेले इथले आड मात्र लक्ष देण्यासारखे आहेत. विहिरीला आतून अस्तर म्हणून रिकामी दारूची पिंपं बसवत. ऱ्हाईनच्या वरच्या भागातून द्राक्षमद्य यायचं, ते संपलं की पिंप आडात. पिंपाच्या लाकडावरून व्यापार कुठवर होता हे कळतं. १९६९ मध्ये अशाच एका आडात सोन्याची, रंगीत काच आणि लाल रत्नं जडवलेली पदकासारखी पिन मिळाली, साधारण इ.स. ८०० ची. ती पाहायची तर लायडनच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात जावं लागेल.

उत्तर २ (वेशीवरचा)
पवनचक्कीबद्दल बहुतेकांचा घोटाळा होतो. गावात आज दिसते ती 'रैन एन लेक'. जुन्या वेशीवरच बांधलेली आहे, खालच्या कमानीतून रस्ता जातो. राइसडालने साधारण १६७० मध्ये रंगवली ती दुसरीच, नदीच्या अगदी काठावरची, आणि ती आता नाही. मूळ चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. जाण्याआधी ते नीट पाहून घ्या. चक्कीच्या मागे किल्ला आणि चर्चचा मनोरा दिसतो, ते दोन्ही तुम्हाला प्रत्यक्ष ओळखू येतील.

चक्कीवर निळी लांब पताका लावलेली दिसली तर आत जाता येतं. डच पवनचक्क्यांची ही सर्वसाधारण खूण आहे. पाती फिरताना दिसली म्हणून चक्की पाहुण्यांना उघडी असेलच असं नाही.

चर्चचा मनोरा वर जाऊन एकदम चपटा का, असं वाटेल. १४८६ मध्ये काम सुरू झालं, उट्रेख्तच्या डोम (कॅथेड्रल) मनोऱ्याशी बरोबरी करायची होती, ते अर्ध्यातच राहिलं. किल्ल्याचा चौकोनी बुरूज तेराव्या शतकातला, गोल बुरूज बिशप डेव्हिड ऑफ बर्गंडीच्या काळचा. भोवती सुंदर बाग आहे. दोन्ही मिळून तासभर पुरे.

उत्तर ३ (चाकंदोन)
बस उट्रेख्त स्थानकावरून, मार्ग ४१. चढताना आणि उतरताना एकाच कार्डाने टॅप करा. फोनने चढून कार्डाने उतरलात तर दोन अपुरे प्रवास धरले जातात आणि दोन्हीचे जास्तीचे पैसे जातात.

सायकलला साधारण २५ किलोमीटर, वाट बुनिक, ओडाइक, वेर्कहोवन, कोटन अशी. चढ नाहीच. वारा बहुधा नैर्ऋत्येचा असतो, म्हणजे जाताना-येताना दोन्हीकडे बाजूने लागतो. परतीला पाठीशी वारा मिळेल या आशेवर वेळ काढू नका. सायकल घेऊन रेल्वेने बुनिकला उतरलात तर अंतर कमी होतं, पण कामाच्या दिवशी सकाळी ६:३० ते ९ आणि दुपारी ४ ते ६:३० गाडीत सायकल घेत नाहीत (जुलै-ऑगस्ट सोडून). सायकलचं वेगळं तिकीटही लागतं.

भटक्या_३२
आभार. नदीत पोहता येतं का? वरून पाणी अगदी संथ दिसतं.

उत्तर ४ (गाळाचेथर)
नका उतरू. ते संथ दिसणं फसवं आहे. या नदीवर द्रिल, आमेरोंगन आणि हागेस्टाइन इथले बंधारे १९५८ ते १९७० दरम्यान बांधले. ऱ्हाईनला पाणी कमी असलं की त्यांचे दरवाजे खाली, आणि नदी जवळजवळ तुंबलेल्या तलावासारखी होते. पाणी वाढलं की दरवाजे वर आणि ओढ एकदम वाढते. शिवाय काठापासून आत गेलेल्या दगडी बांधांमध्ये मालवाहू जहाज जाताना आधी पाणी ओढलं जातं, मग जोरात परत येतं. धोका तिथेच असतो.

त्यापेक्षा गावाच्या पश्चिमेला प्रिन्सेस आयरीन लॉकवर (जहाजं वरखाली करणारा दरवाज्यांचा हौद) जा. १९५२ मध्ये खुला झालेला ॲमस्टरडॅम-ऱ्हाईन कालवा तिथे लेकला मिळतो. कालव्याची पातळी नदीपेक्षा खाली, त्यामुळे अजस्र जहाज लॉकमध्ये शिरतं आणि हळूहळू बसत जातं. फेरीबोटीने पलीकडे राइसवाइकला जायचं असेल तर आधी नदीची पातळी पाहा, मोठ्या पुरात फेरीबोट बंद ठेवतात.